लाल शाईने तपासलेलं पत्र

मी, वय वर्षे एकाहत्तर, निवृत्त प्राध्यापिका, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहीत आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. याआधीचं मृत्युपत्र रद्द समजावं; ते रागाच्या भरात लिहिलं होतं.

१. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक माझ्या एकुलत्या एका लेकीला. आधीच्या मृत्युपत्रात तिचं नाव नव्हतं. त्याचं कारण नोंदवणं मला भाग आहे.

एकतीस वर्षं मी कॉलेजात युक्तिवाद तपासायला शिकवलं. दावा कुठला, पुरावा कुठला, न बोलता धरून चाललेलं गृहीतक कुठलं, हे मुलांना समासात लिहायला लावलं. लेक एकोणीस वर्षांची असताना तिने मला चार पानी पत्र लिहिलं. तिला शिक्षण सोडून सुतारकाम शिकायचं होतं. मी ते लाल शाईने तपासलं. ‘दावा स्पष्ट. पुरावा अपुरा. प्रतिवादाचा विचार नाही.’ एका ठिकाणी तिने लिहिलं होतं, ‘लाकडाला हात लावला की मला बरं वाटतं, आई.’ त्याखाली रेघ मारून मी लिहिलं, ‘केवळ भावनिक आवाहन.’ पत्र तिच्या टेबलावर ठेवलं. संध्याकाळपर्यंत तिने घर सोडलं होतं.

आठ वर्षं आमचं बोलणं नव्हतं. मग मी न्हाणीघरात पडले, खुब्याचं हाड मोडलं. शेजारणीने परस्पर तिला कळवलं. ती हत्यारांची पेटी घेऊनच आली आणि आधी न्हाणीघरात आधाराला दांडा बसवला.

“कशाला आलीस गं?”

“कशाला म्हणजे? आई आहेस ना माझी?”

मी तिचा हात हातात घेतला. तळव्याला घट्टे पडले होते.

२. शिकवताना मी तयार केलेल्या तर्कशास्त्राच्या परिभाषेच्या चिठ्ठ्यांचा, एका चिठ्ठीवर एक संज्ञा असा, खोका कॉलेजच्या ग्रंथालयाला. ‘भावनिक आवाहन’ या चिठ्ठीवर मी पूर्वी ‘तर्कदोष’ लिहिलं होतं. ते खोडलं आहे. तसंच राहू द्यावं.

३. माजी विभागप्रमुखांनी हीच परिभाषा स्वतःच्या नावावर छापली, माझ्या चुकांसकट. त्यांना सोबतचं शुद्धिपत्र टपालाने पाठवावं. राग गेला आहे. बहुतेक.

४. माझ्यामागे भाषणं नकोत. लेकीला रडू आलं तर तिची समजूत घालायला कुणी जाऊ नये. नुसतं जवळ बसावं.

दोन्ही साक्षीदारांसमोर, त्यांना वाचून दाखवून, सही केली.

साक्षीदार: शेजारीण, कोपऱ्यावरचे चष्मेवाले
स्थळ: राहत्या घराची पुढची खोली
दिनांक: ६ फेब्रुवारी २०२४