सोबतीला आलेल्या बायका

ताई,

धाकटीचा शिलाई मशीनवरूनच वाकून नमस्कार. तुझे गुडघे काय म्हणतात? भावोजींचा खोकला गेला का, की अजून मुक्कामालाच आहे? मी मजेत आहे (पत्राची सुरुवात अशीच करायची असते).

आमच्या कारखान्यात शाळेचे गणवेश शिवतात, हे तुला ठाऊकच आहे. मध्यंतरी दवाखान्यातली नर्सबाई येऊन सांगून गेली, की चाळिशी ओलांडलेल्या बायकांनी छातीची तपासणी करून घ्या, फुकट आहे, कॅन्सर लवकर सापडला तर बरा होतो. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि एकीनेही पाऊल उचललं नाही. कॉलरवाली म्हणाली, दुखत नाही ते कशाला उकरून काढायचं? काजवालीला नवऱ्याची धास्ती. इस्त्रीवाली तर त्याचं नावसुद्धा घेत नाही, नुसतं 'तो आजार' म्हणते आणि तेही दाराकडे बघत.

मग मी डोकं चालवलं. आपल्या बायका स्वतःसाठी अर्धा दिवस काढणार नाहीत, पण दुसरीसाठी रजा टाकून धावतील. (तूही त्यातलीच. जावेच्या डोळ्यांच्या ऑपरेशनला आठवडाभर उशाशी बसलीस, आणि स्वतःचा चष्मा अजून दोरा बांधून वापरतेस.) मी कॉलरवालीच्या कानात सांगितलं, काजवालीला तपासून घ्यायचंय पण घाबरलीय बिचारी, तू सोबत चल. काजवालीला इस्त्रीवालीचं सांगितलं, इस्त्रीवालीला कॉलरवालीचं. आणि प्रत्येकीला बजावलं, तिच्यापाशी विषय काढू नकोस, रडेल.

ठरल्या दिवशी तिघी डबे घेऊन दवाखान्यात हजर, एकमेकींकडे कळवळून बघतायत. काजवालीने तर इस्त्रीवालीच्या पाठीवरून हात फिरवायला सुरुवात केली. नर्सबाईने विचारलं, पेशंट कोण? तिघींनी एकमेकींकडे बोटं दाखवली आणि माझं बिंग फुटलं. काय बोलणी खाल्ली मी, विचारू नकोस. कॉलरवाली चपला घालून निघालीच होती. नर्सबाई शांतपणे म्हणाली, "एकमेकींसाठी आलाच आहात, तर एकमेकींना घेऊन आत जा." गेल्या बाई. जाताना कॉलरवालीने माझा दंड धरून मलाही आत ओढलं. तिघींचं ठीक निघालं. माझ्याशी अबोला आहे, पण जेवायच्या सुट्टीत माझ्या डब्यात कुणीतरी गुपचूप भाजी वाढून जातं.

तर ताई, सोमवारी मला पुन्हा दवाखान्यात जायचंय. एकटीला धीर होत नाही. सोबतीला येशील?

तुझी धाकटी

ता. क. हसलीस ना? बरोबर ओळखलंस, नर्सबाईकडे तुझंही नाव देऊन ठेवलंय. आईने दुखणं अंगावर काढलं आणि आपण दोघी बघत राहिलो. तू तिच्याच वळणावर चालली आहेस, याचा मला फार राग येतो.

ता. क. आणखी एक. भीतीचं मात्र खोटं नाही. माझ्या तपासणीत गाठ दिसली. छोटी आहे, सोमवारी तुकडा काढून बघणार आहेत. निघालंच काही, तर मोठ्या दवाखान्यात उपचारांची सोय होईल असं नर्सबाई म्हणते, पण जायला-यायला आपलं माणूस हवं. घरात अजून कुणाला सांगितलेलं नाही. तू ये. नर्सबाईने पेशंट कोण विचारलं, तर खुशाल माझ्याकडे बोट दाखव. मी तुझ्याकडे दाखवीन.