साठीपर्यंतचं कुलूप

आई, आज तुझ्यावर चिडून लिहायला बसले आहे. सकाळी बँकेत गेले होते, माझ्या म्हातारपणाची सोय बघायला. साहेबांनी विचारलं, "ताई, महिन्याला किती भराल?" मी म्हटलं, "लग्नसराईत विचारा, सांगते. पितृपक्षात विचाराल तर मीच तुमच्याकडं मागायला येईन." ते हसले. मला हसू आलं नाही. ब्लाउज शिवणाऱ्या बाईला पगाराची तारीख नसते, हे प्रत्येक खिडकीवर नव्यानं सांगायचं. जिथं जावं तिथं बांधलेला हप्ता, आणि पितृपक्षात तर माझ्या गिऱ्हाइकांतलं कुणी नव्या कापडाला कात्री लावू देत नाही.

एकदा फसलेही आहे. तुझ्या बहिणीचा मुलगा पॉलिसी घेऊन आला होता. "अक्का, तुझ्यासाठीच राखून ठेवला हा प्लॅन." मी नियम वाचायला मागितले, तर म्हणाला, "भावावर भरोसा न्हाई व्हय?" चहा झाला, सही झाली. हप्ता यायचा नेमका भादव्यात. चुकला, पुन्हा चुकला, पॉलिसी बंद पडली. भाऊ मात्र अजून भाऊबीजेला हक्कानं जेवायला येतो. विषय काढायची लाज मला वाटते, त्याला वाटत नाही.

पण तुझ्यावरचा राग याहून जुना आहे. अजून डोळ्यांपुढं आहे, डोंगरकडा गावातल्या आपल्या घरात तू चुलीपाशी ज्वारी निवडते आहेस. हात हळदीच्या कामानं पिवळे. त्या हंगामाची मजुरी तू नुकतीच दादाच्या नावावर टाकून आली आहेस. मी विचारते, "तुझ्या नावावर काहून न्हाई?" सुपातून मान वर न करता तू म्हणतेस, "म्हातारपणी मला काय लागते? दोन भाकरी. त्या काय पोरगं देणार न्हाई?"

दिल्या की. दादानं तुला कधी उपाशी ठेवलं नाही. पण चष्म्याची काडी मोडली तेव्हा तू दोरा बांधून दिवस काढलेस, कारण मागायचं म्हणजे सुनेच्या तोंडाकडं बघायचं. मी नवा करून आणला, तो तू पेटीत ठेवून दिलास. "तिला वाटंल, मी तुझ्याजवळ गाऱ्हाणं केलं." भाकरीशिवाय माणसाला किती काय लागतं, हे तुला तेव्हा कळलं होतं, आई. तरी मला एका शब्दानं सांगितलं नाहीस. मी आपली तुझ्याच वाटेनं चालत राहिले, हातात आलं ते लेकरावर घालत.

दिवाळीची कमाई यंदा बरी झाली. ती अजून माझ्याकडं आहे हे नांदेडला शिकणाऱ्या तुझ्या नातवाला बराबर ठाऊक. काल फोन आला, "मम्मी, मोटारसायकल घेऊ ना? सुरुवातीचे तेवढे तू भर." मी म्हटलं, ते पेन्शनला ठेवलेत. तो मोठ्यानं हसला. "तुला पेन्शन काहून लागते? मी हाये ना!" लेकरू मनापासून बोललं. म्हणूनच मी घाबरले. दादाही मनापासूनच बोलायचा.

शेवटी आज एक खातं सापडलं, हातात येतील तेव्हा भरायचे असं. साहेबांनी बजावलं, "साठीच्या आधी सहजासहजी निघणार नाहीत बरं का, ताई." मी म्हटलं, "म्हणून तर हवंय." इतकी वर्षं शोधत होते ते हेच, माझ्याच हातापासून लांब असलेलं काहीतरी. दुपारी मुलाला सांगितलं. "बरं," म्हणाला आणि फोन ठेवला. तेव्हापासून मशीनवर बसवत नाही.

हे पत्र तुला पोचायचं नाही, तेच बरं. तू असतीस तर एवढंच विचारलं असतंस, "लेकराला न्हाई काहून म्हणलीस?" आणि मी बँकेच्या पायरीवरून परत फिरले असते. तू नाहीस, म्हणून आज सही करता आली.