ओळ लांब झाली म्हणून परत आलेला अर्ज

युसूफ वडगाव

चिरंजीव सोमेश्वर यास आसारामकाकाचे आशीर्वाद, अन् त्याच्या खालोखाल राग. खुर्चीत बसून तुझी पाठ दुखती असं वहिनी म्हणल्या. करडईचं तेल कोमट करून चोळ. इकडं सगळे खुशाल हायेत, मी सोडून.

तुझ्या मोहिनीताईनं जनावरांच्या दवाखान्याचा कोर्स केला, तुला ठाऊकच हाय. नगरकडच्या एका दूध कंपनीत जागा निघाली. अर्ज ईमेलनंच, शुक्रवारपर्यंत. पोरगी तीन ओळी खरडून मोकळी व्हायला निघालती. मी म्हणलं, थांब, बावीस वर्षं दूध संस्थेचा सचिव हाय तुझा बाप, अर्ज मी लिहितो. अन् कागदावर कोरी जागा सोडायची न्हाई हा माझा नेम (सोडली की कुणीतरी त्यात ओळ घुसडतं, चेअरमन बबनरावांच्या काळात एका ठरावात अख्खा गोठा घुसला होता). म्हणून नवी ओळ करणारा एंटर एकदाबी दाबला न्हाई. पोरीची हुशारी, अडलेली म्हैस तिनं कशी सोडवली, सगळं एका दमात लिहून संस्थेच्या जुन्या कॉम्प्युटरवरून धाडलं. दोन मिनिटांत परत! कारण काय, तर ओळ लांब हाय. अरे, अर्ज हाय का धोतर?

तुला फोन केला तर कळलं, त्या कंपनीच्या दारात येणारी ईमेल तपासायला तुझंच सॉफ्टवेअर उभं हाय. एका ओळीत नऊशे अठ्ठ्याण्णव अक्षरांची जागा, जगाचा नियम हाय म्हणलास. बाकीचे प्रोग्राम ईमेल धाडतानाच ओळ तोडतात, आमचा जुना तोडत न्हाई. वर मराठीचं एक अक्षर तिघांची जागा खातं म्हणे. मग हजार कावून न्हाई केलं? (दोन जागा ओळ संपल्याच्या खुणेला ठेवल्यात म्हणं, माझ्या पोरीला ठेवायच्या होत्या.) आमचा पोस्टमन आश्रुबा बघ. नांदूरघाटच्या साखराआत्याला कुणी 'लिंबाखालची आत्या' एवढंच लिहून कार्ड टाकलं, तेबी पोचलं. यावर तू म्हणलास, आश्रुबा सांभाळून घेतो म्हणूनच कुणी पत्ता नीट लिहायला शिकलं न्हाई, अन् तो रजेवर गेला की गावाचं टपाल पडून राहतं. खरं हाय, मागच्या महिन्यात तसंच झालं. पण खरं असलं म्हणून काकाला तोंडावर सांगायचं असतं व्हय?

पोरीची पहिली नोकरी हाय रे. माझ्या हट्टापायी गेली तर ती मला एक शब्द बोलायची न्हाई, अन् तेच मला सोसायचं न्हाई. फोनवर तू मला बोलू देत न्हाईस, म्हणून हे पत्र केजहून पुण्याच्या गाडीत ओळखीच्या माणसाहाती देतोय.

तुझा रागावलेला,
आसारामकाका

ता. क. : शुक्रवारी दुपारी अर्धा तास तुझा तो पहारेकरी चहाला पाठव. कुणाला कळतंय?

ता. क. २ : गाडी चुकली, दोन दिवस पत्र खिशातच राहिलं. तेवढ्यात कळलं, मोहिनीनं त्याच दिवशी गुपचूप तिच्या तीन ओळी पाठवल्या होत्या. पोचल्या, फोनवर मुलाखत झाली, सोमवारी रुजू. त्यात माझं एक वाक्य न्हाई. सोम्याला म्हणावं सॉफ्टवेअरला हात लावू नको, असं म्हणती.

ता. क. ३ : (हे तिला सांगू नको.) आता तिचा ईमेल त्या कंपनीचा, म्हणजे तुझ्याच दारातून जाणं आलं. पोर पहिल्यांदाच घर सोडून चालली हाय, अन् मला जे लिहायचंय ते तीन ओळींत मावायचं न्हाई. तेवढं एंटर कुठं कुठं दाबायचा ते कळव, बाबा.