बेबीचा उभा पेला

धरमपेठ, मंगळवार, डिसेंबर १९७४

मास्तरकीच्या ट्रेनिंगमध्ये शिकले होते की लहान मुलाला दुधाची उंची दिसते, भांड्याची रुंदी कळत नाही. ते मी घरी वापरलं! थोरल्या राजूला पसरट वाटीभर दूध, बेबीला अरुंद, उभ्या पेल्यात थोडंसंच. तरी "माझं जास्त!" म्हणून ती खूश.

आज तिने आपलं दूध राजूच्या रिकाम्या वाटीत ओतलं. अर्धी वाटीही भरली नाही.

"आई, तू मले रोजच कमी देत होती काय वं?"

शाळेत हीच अक्कल दिसली असती तर मी पाठ थोपटली असती. घरी म्हणाले, "पी लवकर, गार होईल."

तिने दूध परत त्याच उभ्या पेल्यात ओतलं. मग गणिताचं उत्तर सांगावं तसं म्हणाली, "तो पोरगा हाये म्हणून."

रडली असती तर समजूत तरी काढली असती.