नऊ नंबरची फ्लॉपी

यावल, २८ एप्रिल १९९७

चि. भटू यास अनेक आशीर्वाद.

(तू वयाने अकरा वर्षांनी लहान, त्यात माझा धाकटा मेहुणा, म्हणून रीतीप्रमाणे आशीर्वाद लिहिले. गेल्या बुधवारपासून मनातल्या मनात मात्र मी तुला नमस्कारच करतो आहे.) इकडे सर्व खुशाल. तुझ्या अक्काचा गुडघा बरा आहे, गाय व्याली, आणि ऊन असं की नळाच्या पाण्यात पत्ती टाकली तर चहा होईल. धुळ्याला तुझ्या कॉम्प्युटर क्लासात पोरं बरी येतात ना? डोळ्यांना जप. आता जे मनात आहे ते लिहितो.

रिकामा मास्तर म्हणून यंदा समाजाच्या वधू-वर सूचीचं काम माझ्या गळ्यात पडलं, हे तुला ठाऊकच आहे. मेळावा आखाजीनंतरच्या रविवारी, म्हणजे अक्षय तृतीया झाली की लगेच. दोनशे चौदा मुलंमुली. त्यांची उंची, शिक्षण, शेती, मामाचं गाव, सगळं मी दोन बोटांनी बडवून समाजाने आमच्या घरी ठेवलेल्या कॉम्प्युटरात घातलं. दीड महिना लागला. मग उरले भरलेले फॉर्म. प्रत्येकाच्या डोक्यावर गणपती छापलेला. रद्दीत द्यावे तर उद्या कुणी त्यात भजी बांधून देणार, जाळावे तर अभद्र. शेवटी मी आणि आमचे अध्यक्ष हिलाल नाना बसने तापीवर गेलो, नारळ फोडला आणि हात जोडून सगळे फॉर्म विसर्जन करून आलो. (नानांनी फोटोही काढवून घेतला. त्यात मी हसतो आहे.)

इथवर सुरळीत होतं. तेवढ्यात नानांच्या कानावर आलं की रावेरवाल्यांची सूची विंडोज पंच्याण्णववर झाली, आणि आपली अजून जुन्यावरच. पंच्याण्णव म्हणजे काय हे नानांना माहीत नव्हतं, मलाही नव्हतं, पण रावेरला आहे आणि यावलला नाही एवढं कारण आम्हाला पुरलं. म्हणून तुझ्याकडून त्या तेरा फ्लॉप्या मागवल्या. तू चिठ्ठीत बजावलं होतंस की आधी सगळ्या माहितीची नक्कल काढून ठेवा. ते मी वाचलं. खोटं कशाला सांगू, वाचलं आणि घडी घालून चष्म्याच्या घरात ठेवलं.

बुधवारी मुहूर्त पाहून बसलो. आपल्याकडे ट्रॅक्टर असो की पिठाची गिरणी, हळद-कुंकू लावल्याशिवाय कुणी चालू करत नाही, तेव्हा तेराही फ्लॉप्या पाटावर मांडून त्यांची पूजा झाली. (पूजा तुझ्या अक्काने केली, हे लक्षात असू दे.) आठ नंबरपर्यंत यंत्राने काही म्हणता काही त्रास दिला नाही. नऊ नंबर घातली, आतून सुपारी कातरल्यासारखा आवाज आला आणि पडदा होता तिथेच गोठला. बाण हलेना, निळी पट्टी पुढे सरकेना. बंद करून पुन्हा लावलं, पुन्हा नऊ नंबरला तेच. मागे जाता येईना, पुढे जाता येईना, आणि दोनशे चौदा जीव आत.

गावात यंत्र बिघडलं की एकच माणूस, विहिरीच्या जळक्या मोटारींत तार भरणारा झिपरू मिस्तरी. त्याने डब्याला कान लावला, टेस्टर लावला आणि अर्थिंग कमी पडतं असं निदान केलं. मग अंगणात कमरेएवढा खड्डा, त्यात मीठ, कोळसा आणि चार बादल्या पाणी. पुन्हा नऊ नंबरला तेच. दुसऱ्या दिवशी त्याने उष्णता काढली. डब्याभोवती ओलं गोणपाट गुंडाळलं, समोर कूलर लावला. यंत्राला गुण आला नाही, मला पडसं झालं. तिसऱ्या दिवशी मीच वैतागून त्या फ्लॉपीचा पत्रा सरकवून आत डोकावलो, तर चकतीवर लालभडक कुंकू आणि वर एक अक्षत! सवाष्णीचा पदर सारून लावावं तसं कुणीतरी नेमकं आतल्या कपाळाला लावलेलं. आता ते कुणी, हे मी बोलत नाही. बायकांना भक्तीपुढे भान राहत नाही एवढंच म्हणतो.

पण भटू, खरा घोर वेगळाच आहे. साकळीहून तानुबाई म्हणून एक विधवा बाई रोज बसने येते. मुलगी शिकलेली, यंदा जमलं नाही तर पुढे कठीण, असं तिच्या मनाने घेतलंय. दारात उभी राहून एवढंच विचारते, "मास्तर, मन्ही पोरनं नाव शे ना मशीनमा?" मी म्हणतो, आहे. खोटं नाही ते. नाव आहेच, फक्त बाहेर येत नाही. तिने स्वतःच्या हाताने भरलेला फॉर्म मी नदीत सोडला, हे आठवलं की मला घास जात नाही. आणि येत्या सोमवारी छापखान्यात मजकूर द्यायचा आहे.

घरी सर्वांना यथायोग्य सांग. हे पत्र मात्र क्लासात कुणाला वाचून दाखवू नकोस.

तुझा, सध्या मागच्या दाराने ये-जा करणारा,
जीवराम

ता.क. : फक्त नऊ नंबरची फ्लॉपी पाठव. धुळ्याहून सुटणाऱ्या एस.टी.च्या ड्रायव्हरजवळ दे, मी स्टँडवर तीन दिवस बसून राहीन. पाया पडतो.

ता.क. दुसरा : कुंकवावरून अक्काला काही बोलू नकोस. बिचारी साधी आहे, यंत्रातलं तिला काय कळणार? पाकीट डकवून पेटीत टाकायला तिच्याकडेच देतो आहे.

(याखाली दुसऱ्या अक्षरात)

भाऊ, पत्र मी बठ्ठं वाचं. मी कुंकू वरतून लायं व्हतं. पत्रा सरकाडीसन आतमा लावणारा तुन्हा दाजीच शेतस. म्हने, पत्राले लाईसन काय फायदा, आतला देवले लावाले पाहिजे. तू काळजी करू नको. दोनशे चौदा नावं उंची-शिक्षणसकट मन्ही वहीमा शेतस, कागदं तापीमा जावाना पहिले मी उतारी लिन्हात. वही कालदिन छापखानामा गयी. तानुबाईले बी सांगी दिन्हं, ती रडनी आन चहा पीसन गयी. फ्लॉपी धाडानी घाई करू नको. पाच दिन व्हयनात, तुन्हा दाजी सकाळमा उठीसन पानी भरतस आन मन्हासंगे हळू बोलतस. आखाजीलोंग असंच चालू दे.