पदराखालची बाटली

प्रिय अव्वा,

काल नांदेडला माझ्या पल्लवीच्या लेकीचं बारसं झालं, अन् भर बारशात मी विहीणबाईंशी भांडले. तू असतीस तर डोळे वटारून मला आत ओढली असतीस. आता कोण ओढणार? म्हणून तुलाच लिहून राहिले. आधीच सांगते, मी माफी मागणार न्हाई!

झालं असं की, पल्लवीला दूध पुरत न्हाई. अळीवाची खीर झाली, शतावरी झाली, डिंकाचे लाडू झाले. लेकरू दिवसभर अंगावर, तरी वजन भरेना. डॉक्टरीणबाईंनी साफ सांगितलं, अंगावरचं पाजत राहा, पण कमी पडतं तेवढं डब्याचं द्या. दिलं, तर पोरगी पोटभर पिऊन झोपली. पण सासू हदगावहून येणार म्हटल्यावर पल्लवीनं डबा पलंगाखाली सारला. अन् पाळण्याच्या वेळी पाहते तर काय, ही कोपऱ्यात पाठ करून बसलेली. ओढणीखाली लेकरू, अन् लेकराच्या तोंडात बाटली!

अव्वा, तू अशीच बसायचीस ना गं?

बहात्तरचा दुष्काळ, अन् उदगीरचं आपलं किराणा दुकान. तूच सांगायचीस, माझ्या वेळी तुला ताप भरला अन् दूध आटलं. दुकानाच्या फळीवर दुधाच्या पावडरचे डबे ओळीनं मांडलेले. पण आज्जी म्हणायची, "आपल्या घरात डब्याचं लेकरू? लोक तोंडात शेण घालतील!" गिऱ्हाइकाला विकायला चालतं, घरात पाजायला न्हाई! हा कुठला न्याय? मंग तू पदराखाली बाटली धरून चारचौघींत मला पाजायचीस, अन् बाया म्हणायच्या, लई दूध हाय पोरीच्या आईला.

पाण्यानं घोटाळा केला. विहिरी आटलेल्या, अन् डब्याच्या दुधाला तर उकळलेलंच पाणी लागतं. तू आपल्या लिंगपूजेच्या तांब्यातलं पाणी चुलीवर ठेवलंस अन् आज्जीनं पकडलं. तवा तू म्हणालीस, "महादेव समजून घेतो, आत्याबाई. लेकरू कसं समजून घेईल?" आज्जीनं पाणी उकळू दिलं. पण त्या दिवसापासून घरातल्या घरात तिनं माझं नाव डब्बी ठेवलं.

मी काही त्या नावाला रडले न्हाई. बसल्या जागी आपला जिल्हा बदलला, उस्मानाबादचे आपण लातूरचे झालो, त्या वर्षी शाळेत साखर वाटली. त्याच मैदानात एक दांडगी पोरगी मला म्हणाली, "आईचं दूध पिली असशील तर ये पुढं!" मी म्हटलं, "न्हाई पिले. डब्याचं पिले. तरी येते!" अन् पाडली की तिला!

घरी नाचत आले अन् तुला सांगितलं, तर तू काय केलंस? दार लावून घेतलंस. "हळू बोल गं, लोक ऐकतील." त्याचा राग मला अजून हाय, अव्वा. आज्जीसमोर वाघीण, अन् लोकांसमोर अशी का झालीस? तू मला जगवलंस. त्यात लाजायचं काय होतं?

म्हणून काल मी उठले. पल्लवीची ओढणी बाजूला केली, लेकरू मांडीवर घेतलं, अन् पाळण्याजवळ सगळ्या बायकांच्या मधोमध बसून बाटली लावली. विहीणबाई म्हणाल्या, "हे काय हो? आमच्या घरात सगळी लेकरं अंगावरच्या दुधावर वाढली."

"वाढली ना? लई चांगलं झालं," मी म्हटलं. "पल्लवीलाही पुरलं असतं तर तिनंही तेच पाजलं असतं. पुरत न्हाई. मंग उपाशी ठेवायची का हिला? अन् मी डब्यावरच वाढले. बघा माझ्याकडं, काय कमी हाय?"

लेकरू चुटूचुटू पीत राहिलं. विहीणबाई जेवताना माझ्याशी एक अक्षर बोलल्या न्हाईत. निघताना मात्र चप्पल घालता घालता पल्लवीला म्हणाल्या, "पाणी नीट उकळून घेतेस ना?"

अव्वा, शब्द देते तुला. ह्या पोरीच्या बाटलीवर कुणाचा पदर पडू देणार न्हाई. पणजीनं दुष्काळात पूजेचं पाणी कुणासाठी उकळलं, ते तिला मीच सांगेन. अन् उद्या मैदानात कुणी तिला म्हणालंच, आईचं दूध पिली असशील तर ये, तर काय उत्तर द्यायचं तेही शिकवेन. मोठ्यानं बोलायला शिकवेन, दार सताड उघडं ठेवून.

तुझी,
डब्बी