नामांतर झालं, बाबा

बाबा, तुमच्यावर मी अजून चिडलेली आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी परभणीच्या दवाखान्यातला तो दिवस आठवला की डोकं तडकतं. लकव्यातून तुमचा हात बराच सुधारला होता, पण पालमच्या स्टँडवरून घरी येताना तुम्ही वाट चुकायचात, जेवून उठलात की पुन्हा ताट मागायचात. आई डॉक्टरांना सांगते, "साहेब, हे लय इसरायलेत." डॉक्टर तुम्हाला विचारतात, आज वार कोणता? तुम्ही हसून म्हणता, "रिटायर मास्तरला सगळे रविवारच की." डॉक्टर खूश. मग तुम्ही त्यांना राज्यघटना समजावून सांगता. "गुरुजी तर माझ्यापेक्षा तल्लख आहेत," म्हणत ते उलट आईचीच समजूत घालतात. तुम्हाला वार माहीत नव्हता, बाबा!

परवा मेंदूच्या एका डॉक्टरबाईंना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, नक्की सांगता येणार नाही, पण अल्झायमर बहुतेक लकव्याच्या आधीपासूनच आत पोखरत असेल. शिकलेला, वाचणारा माणूस बरीच वर्षं निभावून नेतो, बाहेर कळू देत नाही. त्यात लकव्याचा मार बसला की मग सगळं एकदम ढासळतं. म्हणजे ज्या शिक्षणासाठी तुम्ही अख्ख्या गावाशी भांडलात, त्यानंच आम्हाला गाफील ठेवलं. आता रागवायचं तरी कुणावर?

आणि ते विद्यापीठाचं नामांतर. त्याच्यापायी तुम्ही तुरुंगात गेलात, घरावर दगड झेललेत. चौऱ्याण्णवच्या जानेवारीत रेडिओवर बातमी लागली, मी धावत येऊन सांगितलं, तुम्ही रडलात. दुसऱ्या दिवशी सकाळी, "झालं का गं नामांतर?" तिसऱ्या दिवशी तेच. रोज तेच. शेवटी मी ओरडले, "झालं, बाबा! कितींदा सांगू?"

तुमचा चेहरा उजळला. "आगं, मग बसलीस काय? साखर वाट की गल्लीत!"

आई खरंच वाटी घेऊन निघाली. शेजारच्या मावशीनं पुन्हा चिमूटभर साखर तोंडात टाकली, पुन्हा "जयभीम" म्हणाली. मला मात्र आईचाही राग आला.

उन्हाळ्यात तुम्ही विचारायचंच थांबलात. हे पत्र कुठं पाठवायचं नाही, म्हणून सांगते. तेव्हा मीच रोज खाटेशी येऊन म्हणायचे, "बाबा, झालं नामांतर." कधी चेहरा उजळायचा, पुढं पुढं तोही नाही. तरी सांगायचे.